बोटीवरचे गालिचे आणि पोटकंत्राटाचा कागद

इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन या बंदराच्या शहरात येऊन मला नऊ वर्षे झाली आणि त्यांपैकी सहा वर्षे मी साफसफाईची कंत्राटे घेणाऱ्या एका कंपनीत काम करते आहे. रत्नागिरीला आई शेजारणींना "लेक बंदरातल्या ऑफिसात असते" एवढेच सांगते आणि पुढचे सांगायचे टाळते. त्यात खोटे काही नाही, कारण माझा अर्धा दिवस बंदरातच जातो. या शहरात पर्यटकांच्या बोटींसाठी पाच टर्मिनल आहेत, आणि सुटीच्या दिवसांत एकाच सकाळी तीन-चार अजस्र बोटी धक्क्याला लागलेल्या दिसतात. बोट पहाटे येते, दुपारच्या आत जुने प्रवासी उतरतात, नवे चढतात आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास ती पुन्हा सुटते. आमच्यासारख्यांना जे काही करायचे, ते या दहा-अकरा तासांत. बोट सुटताना जो आत राहील, त्याची गाठ पुढच्या बंदरातच पडायची.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत, एका गुरुवारी संध्याकाळी मला निरोप आला की रविवारी येणाऱ्या एका बोटीवर उलट्या-जुलाबांची साथ आहे. नोरोव्हायरस हे नाव आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही, आपण "पोट बिघडले" म्हणून मोकळे होतो. पण हा विषाणू भलताच चिवट आहे. १९६८ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात नॉरवॉक या गावच्या शाळेत त्याची साथ आली होती, त्यावरून त्याला हे नाव मिळाले. शंभराहून कमी कण पोटात गेले तरी माणूस आजारी पडू शकतो, आणि हाताला चोळायच्या अल्कोहोलला तो फारशी दाद देत नाही, त्याला साबण-पाणीच लागते. बोटींची या बाबतीत बदनामी जरा जास्तच झाली आहे. अमेरिकेत नोंदल्या जाणाऱ्या नोरोव्हायरसच्या साथींपैकी बोटींवरच्या साथी अवघ्या एक टक्क्याच्या आसपास असतात, बाकीच्या वृद्धाश्रम, रुग्णालये, शाळा, उपाहारगृहे अशा ठिकाणच्या. पण वृद्धाश्रमासमोर वार्ताहर कॅमेरे घेऊन उभे राहत नाहीत.

बोटीवर स्वतःचे सफाई कर्मचारी शेकड्याने असतात. कठडे, दारांच्या मुठी, लिफ्टची बटणे, शौचालये हे सगळे ते क्लोरीनच्या पाण्याने पुसून काढतात आणि उत्तम काढतात. अडते ते गालिच्यापाशी. बोटीवरचे चांगले गालिचे बहुधा ऐंशी टक्के लोकर आणि वीस टक्के नायलॉनचे विणलेले असतात, आणि लोकरीला क्लोरीन सोसत नाही. आधी रंग उडतो, मग ती पिवळी पडते आणि द्रावण तीव्र असेल तर धागाच विरघळतो. म्हणजे विषाणू मारायचे जे सर्वांत भरवशाचे औषध, ते नेमके इथे चालत नाही. उरते ती वाफ. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राची शिफारस अशी, की गालिचा सत्तर अंश सेल्सिअसला पाच मिनिटे किंवा शंभर अंशांना एक मिनिट तापला पाहिजे. वाचायला हे सोपे वाटते. एका जागी पाच मिनिटे धरायची म्हटली, तर साठ केबिन, दोन लांबलचक मार्गिका आणि नाट्यगृहाचा जिना यांना किती वेळ लागेल, याचा हिशेब वाचकांनीच करून पाहावा.

ही कामे आम्ही पोटकंत्राटाने देतो. इथे गालिचे धुणारा माणूस म्हणजे बहुधा एकटा, स्वतःची व्हॅन आणि स्वतःचे यंत्र असलेला धंदेवाईक. फार तर मदतीला मुलगा नाहीतर मेहुणा. घरोघरी जाऊन सोफे आणि गालिचे धुणे हा त्याचा नित्याचा धंदा. त्या रात्री नि दुसऱ्या दिवशी मी अशा चौदा जणांना फोन केले. पहिला प्रश्न विम्याचा होता. दुसऱ्याला इजा झाली तर भरपाई देणारा सार्वजनिक दायित्वाचा विमा सगळ्यांकडेच असतो, पण ज्या वस्तूवर आपण काम करतो तीच बिघडली तर तो पैसे देईलच असे नाही. त्यासाठी ज्याला इथे 'ट्रीटमेंट रिस्क' म्हणतात ते कलम वेगळे घ्यावे लागते. शिवाय छोट्या व्यावसायिकांच्या अनेक पॉलिस्यांमध्ये जहाजे, समुद्रातल्या तेलविहिरींचे तळ आणि विमानतळाची धावपट्टी ही ठिकाणे बारीक अक्षरांत वगळलेली असतात, आणि २०२० नंतर संसर्गजन्य रोगांशी संबंधित दावेही पुष्कळ विमा कंपन्यांनी वगळले आहेत. चौदांपैकी नऊ जणांनी मी फोनवर असतानाच पहिल्यांदा आपला कागद उघडून वाचला, आणि आपण बोटीवर पाऊल टाकले तर आपल्याला विमाच नाही, हे त्यांना तेव्हा कळले. एक जण म्हणाला, की तुम्ही विचारले नसते तर मी मजेत आलो असतो. त्याचा आवाज आभाराचा होता की वैतागाचा, हे मला ओळखता आले नाही.

उरलेल्या पाचांपैकी दोघांनी आजाराचे नाव ऐकून नकार दिला. मी त्यांना दोष देत नाही. १९९७ साली इंग्लंडमधल्याच एका रुग्णालयातली घटना प्रसिद्ध झाली होती: साथीतला शेवटचा रुग्ण होऊन जवळजवळ दोन आठवडे लोटल्यावर वॉर्डातला जुना गालिचा उखडायला आलेले दोन कारागीर आजारी पडले. त्या दोन आठवड्यांत गालिच्यावर रोजची झाडलोट चालूच होती. हा दाखला मी प्रत्येक पोटकंत्राटदाराला सांगते. त्यामुळे माणसे गळतात हे खरे, पण १९७४ च्या इथल्या कायद्याने आपल्या पगारावर नसलेल्या माणसाच्या सुरक्षिततेचीही जबाबदारी काम देणाऱ्यावर टाकली आहे, आणि कायदा नसता तरी सांगितलेच असते.

जे तिघे आले त्यांत जवळच्याच ईस्टली गावचे एक साठी उलटलेले गृहस्थ होते. पैशांबद्दल बोलण्याआधी त्यांनी मला विचारले, "माझ्याआधी तिथे कोणी काय फवारले आहे?" हा प्रश्न तोपर्यंत मला कोणीच विचारला नव्हता आणि माझ्या कागदांत त्याचे उत्तरही नव्हते. त्यांनी मग शांतपणे समजावले, की गालिचा धुताना शेवटी जे खळबळायचे पाणी वापरतात त्यात सौम्य आम्ल असते. गालिच्यात आधीचे क्लोरीनचे द्रावण मुरलेले असेल आणि त्यावर हे आम्ल पडले, तर क्लोरीन वायू सुटतो, आणि बोटीच्या केबिनला उघडता येणारी खिडकी असेलच असे नाही. दुसरेही एक सांगितले. काही जंतुनाशके आणि गालिच्याचे काही साबण एकमेकांना निकामी करतात. दोन्ही टाकून दोन्ही वाया जातात आणि मागे चिकट थर उरतो, त्यावर मळ दुप्पट वेगाने बसतो.

त्यांच्या धंद्यातला पहिला धडाही इथे उलटा होतो. गालिचा ओला करण्याआधी व्हॅक्यूमने कोरडी धूळ ओढून घ्यायची, हे प्रत्येक शिकाऊ मुलाला पहिल्याच दिवशी शिकवतात. साथीच्या जागी मात्र कोरडा व्हॅक्यूम फिरवला तर विषाणू हवेत उडतो, म्हणून आधी डाग टिपून घ्यायचा, मग वाफ, आणि धुलाई त्यानंतर. हाताला वळण लागलेला कारागीर हे ऐकतो, मान डोलावतो आणि खोलीत शिरताच सवयीने व्हॅक्यूमकडे हात नेतो. त्या रविवारी मी हे दोनदा पाहिले.

बोटीवर चढणे हाही एक सोपस्कार असतो. सगळ्यांची नावे आणि ओळखपत्रे आदल्या दिवशी पाठवावी लागतात, यंत्रे आणि रसायनांची यादी द्यावी लागते, मग सुरक्षेचे छोटे व्याख्यान. व्हॅनमध्ये बसवलेले मोठे यंत्र धक्क्यावरून आठव्या मजल्यापर्यंत पाइप नेऊन चालवता येत नाही, म्हणून हाताने ढकलायची छोटी यंत्रे न्यावी लागतात, आणि त्यांच्या टाकीतले वाफाळते पाणी गालिच्याला लागेपर्यंत बरेच निवलेले असते. सत्तर अंशांसाठी वाफेचे यंत्र निराळेच आणावे लागते. भिंतीतल्या कुठल्याही प्लगला यंत्र जोडायचे नाही, बोटीचा इलेक्ट्रिशियन दाखवील तिथेच. मळके पाणी डेकवरच्या मोरीत ओतायचे नाही, कारण ते समुद्रात जाऊ शकते. इंजिन विभाग सांगेल त्याच जागी. हे नियम रास्त आहेत, पण प्रत्येक नियमामागे एक माणूस शोधावा लागतो आणि त्या सकाळी प्रत्येक माणूस दुसरीकडे धावत असतो.

मला दिलेल्या यादीत साठ केबिनचे क्रमांक होते. यादी वैद्यकीय विभागाच्या नोंदींवरून केलेली, म्हणजे आजारी माणूस कुठल्या केबिनमध्ये राहत होता हे तीत होते. त्याला उलटी कुठे झाली हे नव्हते. माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावरचे आडनाव वाचून एक स्ट्युअर्ड, म्हणजे केबिनची देखभाल करणारा कर्मचारी, थबकला. मालवणकडचा निघाला. बोटींवर गोव्याची आणि तळकोकणातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, तरीही त्या मार्गिकेत चेहऱ्याला मास्क लावून उभे असताना "ताई, खंयचे तुमी?" हे ऐकले आणि मला क्षणभर उत्तर सुचले नाही. त्याने माझ्या हातातल्या यादीवर नजर टाकली आणि म्हणाला, "कागदार काय आसा ता सोडा, सातव्या डेकार लिफ्टीच्या फुडे बघा." तिथे चौथ्या रात्री एका वृद्ध प्रवाशाला उलटी झाली होती आणि नंतर दिवसभर शेकडो पावले त्यावरून गेली होती. जिन्याच्या दोन वळणांवरच्या जागाही त्याने दाखवल्या. तीनही ठिकाणे यादीत नव्हती. मी ती हाताने लिहिली, पर्यवेक्षकाची सही घेतली आणि यंत्रे आधी तिकडे वळवली. त्यापायी यादीतल्या सात केबिन राहून गेल्या, त्या बंद ठेवाव्या लागल्या आणि बोटीचे अधिकारी माझ्यावर चिडले. आजही मी तेच करीन.

ईस्टलीचे गृहस्थ प्रत्येक केबिनमध्ये शिरताना आधी वेळेसह फोटो काढत, मग गालिच्याचा कोपरा साध्या पाण्याने ओला करून त्यावर क्लोरीन तपासायची कागदी पट्टी दाबत. चार केबिनमध्ये पट्टीचा रंग बदलला. उलटी झाल्याबरोबर घाईत कोणीतरी सरळ गालिच्यावरच क्लोरीनचे द्रावण ओतले असणार. तिथे त्यांनी आम्ल वापरलेच नाही, नुसत्या पाण्याने खळबळले.

तिसऱ्या दिवशी मध्यस्थ एजंटाकडून पत्र आले, की चार केबिनमधल्या गालिच्यांवर फिकट चट्टे पडले आहेत आणि नवा गालिचा टाकण्याचा खर्च धुणाऱ्याकडून वसूल करावा. बोटीचा मालक, त्याचा एजंट, आमची कंपनी आणि सगळ्यांत खाली हा व्हॅनवाला, अशी ती उतरंड. वरून टाकलेला दोष कुठेही न अडता तळाला येतो आणि तळाचे बिल वर चढायला मात्र साठ दिवस लागतात. फोटोंवरची वेळ आणि पट्ट्यांच्या नोंदी पाठवल्यावर दावा मागे घेतला गेला, पण तोपर्यंत आमच्याच लेखा विभागाने ईस्टलीच्या गृहस्थांचे बिल "वाद मिटेपर्यंत" अडवून ठेवले होते आणि ते सोडवायला मला पाच आठवडे भांडावे लागले. कंपनीविषयी हे लिहिताना मला बरे वाटत नाही, पण घडले ते असे.

दुसरा वाद शब्दांवरून झाला. एजंटाला "बोट विषाणुमुक्त केली" असे प्रमाणपत्र हवे होते. आपल्या मराठीतही ही गफलत आहेच. धुणे, जंतू कमी करणे आणि पूर्ण निर्जंतुक करणे या तीन निराळ्या गोष्टींना आपण सरसकट 'निर्जंतुकीकरण' म्हणतो, आणि २०२० साली रस्त्यांवर फवारा मारणाऱ्या टँकरलाही तोच शब्द लावला. त्याच वर्षी योकोहामाला अडकलेल्या डायमंड प्रिन्सेस बोटीच्या केबिनमध्ये, प्रवासी उतरल्यावर सतरा दिवसांनीही कोरोना विषाणूचे जनुकीय अंश सापडले होते. त्यावरून विषाणू तितके दिवस जिवंत राहतो असा अर्थ अनेकांनी काढला. अहवालात तसे म्हटलेलेच नव्हते. गालिच्याच्या मुळाशी काय उरले आहे हे यंत्र बंद करणाऱ्या माणसाला दिसत नाही. म्हणून मी प्रमाणपत्र न देता नोंद दिली: कोणती जागा, किती वाजता, वाफेचे तापमान किती, किती मिनिटे, कोणते रसायन. एजंटाने ती दोनदा परत पाठवली आणि तिसऱ्यांदा निमूटपणे ठेवून घेतली.

आता आमच्या पोटकंत्राटाच्या कागदात दोन रकाने वाढले आहेत. एकात आधी काय फवारले ते बोटीने सहीसह लिहून द्यायचे, दुसऱ्यात त्या त्या मजल्यावरच्या स्ट्युअर्डला विचारून उलटीच्या जागा भरायच्या. पहिला रकाना बहुतेक वेळा कोराच येतो, आणि मग मी यंत्रे धक्क्यावरच ठेवून फोन करत बसते. ईस्टलीच्या गृहस्थांनी त्यानंतर तीनदा काम घेतले. गेल्या हिवाळ्यात मात्र गुडघ्याचे कारण सांगून त्यांनी नकार दिला आणि आपल्या पुतण्याचा नंबर दिला. त्याच्या विम्यात जहाजे वगळलेली आहेत, हे मी फोनवरच त्याला वाचायला लावले.