ब्लूग्रास आलं!

शनिवार, १३ सप्टेंबर

सकाळी चहा घेऊन मागच्या अंगणात गेले आणि गुडघ्यांवर बसून नीट बघितलं, तर केंटकी ब्लूग्रास, म्हणजे लॉनचं एक गवत, वर आलंय. गौरी यायच्या आदल्या दिवशी बी टाकलं होतं. बी मिश्र होतं, त्यातलं रायग्रास आठवड्याभरातच उगवलं, ते कायम सगळ्यात पुढे असतं, पण ब्लूग्रासला दोन ते चार आठवडे लागतात आणि तोवर जीव नुसता टांगणीला. आता राय बोटभर झालंय, बुडाशी लालसर आणि पानाची खालची बाजू चकचकीत, आणि त्याच्या मधेमधे केसाएवढी बारीक फिकट हिरवी पाती, प्रत्येकाच्या टोकाला पाण्याचा एकेक थेंब. उभ्याने बघितलं तर ती दिसतच नाहीत. इतकी खूश झाले की नवऱ्याला झोपेतून उठवून आणलं.

इकडे नवीन घर घेतलेलं कोणी मराठी भेटलं की मी एकच गोष्ट परत परत सांगते, मिनेसोटात लॉनचं वर्ष भाद्रपदात सुरू होतं, मे महिन्यात नाही. बर्फ वितळला की सगळे दुकानात धावतात, बी आणि खताच्या बॅगा उचलतात, कारण चार-पाच महिने पांढरं बघून कंटाळलेलो असतो ना, साहजिक आहे. पण वसंतात पेरलेल्या बियाची शर्यत क्रॅबग्रास नावाच्या तणाशी लागते. जमीन साधारण ५५ फॅरनहाइटला आली की क्रॅबग्रास उगवायला लागतं, आणि त्याला अडवणारं औषध टाकावं तर बहुतेक औषधं आपलं बीसुद्धा उगवू देत नाहीत. त्यातून जे वाचतं त्याची मुळं वरवरची असतानाच जुलैचं ऊन येतं. ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत मात्र सगळं आपल्या बाजूने असतं, माती अजून उबदार, रात्री गार, आणि क्रॅबग्रास पहिल्या कडक फ्रॉस्टला आपोआप मरतं.

काल आई फोनवर विचारत होती, "अगं, एवढ्या बर्फाखाली ते गवत जगतं तरी कसं?" माझं माहेर साताऱ्याकडचं, आमच्या उसात हरळी काढून काढून तिचे हात सोलवटायचे, त्यामुळे गवत किती चिवट असतं हे तिला मी सांगायची गरजच नाही. पण हरळी, म्हणजे आपल्या दूर्वाच, इथे टिकत नाही. टेक्सास, जॉर्जियाकडे तिचीच लॉन असतात, बर्म्युडा म्हणतात, पण आमच्याकडे जानेवारीत पारा उणे २० सेल्सिअसच्याही खाली जातो, ते तिला सोसत नाही. बाप्पाच्या दूर्वा मी खिडकीतल्या कुंडीत लावल्यात, यंदा २१ची जुडी घरचीच झाली.

तर आईला सांगितलं ते असं, की या थंडीच्या गवतांचा जीव पात्यात नसतो, जमिनीलगतच्या गड्ड्यासारख्या भागात असतो, ज्याला इथे क्राउन म्हणतात. शरदात ऊन भरपूर आणि हवा गार, त्यामुळे गवत जेवढं अन्न बनवतं त्यातलं वाढीवर आणि श्वसनावर कमी खर्च होतं आणि उरलेलं क्राउनमध्ये, मुळांमध्ये साठतं. त्या साठ्यावर हिवाळा निघतो. वरून बर्फाचा थर असला तर उलट चांगलं, तो गोधडीचं काम करतो. हे ऐकून आई म्हणाली, "म्हणजे आत्ताच त्याला खायला घाल." अगदी बरोबर! वर्षातून एकदाच खत देणार असाल तर सप्टेंबरमध्येच द्या.

फक्त बॅगेवरचे तीन आकडे बघून घ्या. मधला आकडा फॉस्फरसचा आणि तो इथे शून्य हवा. २००५ पासून राज्यभर तसा कायदाच आहे, माती तपासून कमतरता निघाली किंवा नवीन लॉन लावत असाल तरच सूट. लॉनवरून वाहून गेलेला फॉस्फरस तळ्यात जातो आणि पाणी शेवाळ्याने हिरवंगार होतं. आमच्या मागचं ड्रेन थेट तळ्यालाच मिळतं, त्यामुळे मला हा कायदा मनापासून पटतो. माती तपासायला युनिव्हर्सिटीची लॅब आहे, तिथे पाठवायची.

आमची माती चिकण. म्हणून बी टाकायच्या आधी एअरेटर, म्हणजे जमिनीला भोकं पाडणारं यंत्र, भाड्याने आणला, ते धूड दोघांनी मिळून फिरवलं. मातीच्या गुंड्या बाहेर पडतात त्या उचलायच्या नाहीत, पाण्याने विरघळतात. मग बी, हलका दंताळ्याचा हात, आणि पाणी दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं. आता उगवलंय म्हटल्यावर पाणी कमी वेळा पण जास्त मुरेल असं देणार. पहिली कापणी साडेतीन इंचाला, आणि एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कधीच नाही. लोक मोअरचं पातं इतकं खाली का घेतात मला कळत नाही, तीन इंच उंच गवत स्वतःच्या सावलीने तण दाबतं आणि मुळंही खोल जातात.

ऑक्टोबरमध्ये शेजारच्या मेपलची पानं येतील, ती मोअरने बारीक करून तिथेच सोडणार, फक्त कोवळ्या भागावर थर साचू द्यायचा नाही. रस्त्याकडेच्या पट्टीला अजून हात लावला नाहीये. हिवाळ्यात रस्ता साफ करणाऱ्या प्लाऊच्या गाडीने ढकललेला बर्फ तिथेच पडतो, त्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ, आणि वसंतात तो पट्टा करपलेला निघतो. तिथे मीठ सोसणाऱ्या फाइन फेस्क्यू गवताचं बी टाकायचंय, तेही नोव्हेंबरमध्ये, जमीन इतकी गार झाल्यावर की बी आत्ता न उगवता थेट एप्रिलमध्ये उगवेल. बॅग गॅरेजमध्ये आणून ठेवली आहे, उंदरांपासून जपायला झाकणाच्या बादलीत.