निरसं दूध पिणारा पिईल, तुमचं काय जातं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. दुधातले सूक्ष्मजीव तपासणं हे माझं काम, त्यामुळे हा प्रश्न वरचेवर माझ्या वाट्याला येतो: "कोणाला निरसं, म्हणजे न तापवलेलं कच्चं दूध प्यायचं असेल तर पिऊ द्या की. सिगारेट चालते, दारू चालते, मग दुधालाच एवढे नियम कशाला?" विचारणाऱ्याचा सूर बहुधा भांडणाचा असतो. मला मात्र प्रश्न रास्त वाटतो.

सज्ञान माणसाने स्वतःच्या पेल्यात काय घ्यावं ते त्यानेच ठरवावं. शिवाय पाश्चराइज्ड दूध, म्हणजे ठरावीक तापमानाला तापवून जंतू मारलेलं दूध, म्हणजे डोळे मिटून विश्वास ठेवावा असंही नाही. 1985 साली अमेरिकेत शिकागोजवळच्या एका डेअरीच्या पाश्चराइज्ड दुधातून साल्मोनेला नावाचा जिवाणू पसरला, आणि 16 हजारांहून जास्त लोकांना बाधा झाल्याचं तपासणीत सिद्ध झालं. तापवून झाल्यावर दूध पुन्हा दूषित झालं, तर आधीचं तापवणं फुकट जातं. कच्च्या दुधाचे पुरस्कर्ते हे उदाहरण देतात तेव्हा मान डोलावण्यावाचून गत्यंतर नसतं.

त्यांचे बाकीचे दावे तेवढे पक्के नाहीत. कच्च्या दुधातल्या लॅक्टेजमुळे, म्हणजे दुधातली साखर पचवणाऱ्या विकरामुळे, ते पचायला सोपं जातं म्हणतात. दुधात लॅक्टेज नसतंच. तापवल्याने पोषण जातं असंही म्हणतात. पण पाश्चराइज करताना दूध 72 अंश सेल्सिअसला 15 सेकंद ठेवल्याने कॅल्शियम आणि प्रथिनांचं पोषणमूल्य टिकतं, काही जीवनसत्त्वं किंचित घटतात. एका गोष्टीत मात्र दम आहे: गोठ्यावरचं कच्चं दूध पिणाऱ्या मुलांमध्ये दम्याचं प्रमाण कमी आढळल्याचं युरोपातल्या एका मोठ्या अभ्यासात 2011 साली दिसलं. पण तो संबंध जुळला दुधाच्या निवळीतल्या (दूध फाटल्यावर उरणाऱ्या पाण्यातल्या) काही प्रथिनांशी. दुधातल्या एकूण जिवाणूंशी जुळला नाही. आणि म्हणून कच्चं दूध प्या, असं खुद्द त्या संशोधकांनीही म्हटलं नाही.

"आमच्या ओळखीचा गोठा आहे, गाई ठणठणीत आहेत, गोठा लख्ख आहे," हे उत्तर मला सगळ्यात जास्त ऐकायला मिळतं. ई. कोलाय ओ157 नावाचा जिवाणू ठणठणीत गाईच्याच आतड्यात राहतो. गाईला काही होत नाही. धार काढताना शेपटीचा एक फटका, सडाच्या घडीत वाळलेला शेणाचा कण, एवढं त्याला पुरतं. दूध नासत नाही, वास येत नाही, चव बदलत नाही. प्रयोगशाळेत आम्ही त्याला एका खास माध्यमावर वाढवतो, तेव्हा नेहमीचे ई. कोलाय गुलाबी ठिपके होऊन उमटतात आणि हा त्यांच्यात फिकट, रंगहीन बसलेला असतो. सवय नसेल तर नजर त्याच्यावरून घसरूनच जाते.

मग तपासून विका ना! तेही करतात. पण हजार लिटरच्या टाकीतून आम्ही तपासतो साधारण 25 मिलीलिटर. या जिवाणूच्या शंभराहून कमी पेशीसुद्धा माणसाला आजारी पाडू शकतात. अहवालात "आढळला नाही" लिहून येतं त्याचा अर्थ त्या 25 मिलीलिटरपुरता, आणि तोही कालच्या दुधाबद्दल. अहवालावर सही करताना मला हे पक्कं ठाऊक असतं. बाटली विकत घेणाऱ्याला ते कोणी सांगत नाही.

आता निवडीचं. निवडणारा आणि पिणारा एकच असेल तर माझी तक्रार नाही. पण दूध हे मुख्यतः मुलांचं अन्न. ओ157 ची लागण झालेल्यांपैकी साधारण पाच ते दहा टक्के लोकांना मूत्रपिंडं निकामी करणारा गंभीर विकार होतो, आणि त्यांत पाच वर्षांखालची मुलं जास्त सापडतात. चार वर्षांच्या मुलीने काही निवडलेलं नसतं. तिच्या आईबापांनी निवडलेलं असतं. सिगारेटची तुलना इथेच लंगडी पडते. सिगारेट कोणी पोराच्या हातात पौष्टिक म्हणून देत नाही.

कायद्यांनीही याची उत्तरं वेगवेगळी काढली आहेत. अमेरिकेत 1987 पासून कच्चं दूध पिण्यासाठी म्हणून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकता येत नाही. राज्याच्या आत काय चालावं ते राज्य ठरवतं. स्कॉटलंडने 1983 साली विक्रीच बंद केली. शेजारच्या इंग्लंडमध्ये शेतकरी थेट गिऱ्हाइकाला विकू शकतो, बाटलीवर धोक्याची सूचना मात्र छापावी लागते. मला इंग्लंडची रीत पटते. सरसकट बंदी घातली की व्यवहार चोरून होतो, आणि चोरून विकल्या जाणाऱ्या दुधाचा नमुना माझ्यापर्यंत कधीच पोचत नाही. त्या सूचनेत मुलांचा आणि गरोदर बायकांचा उल्लेख ठळक हवा, एवढाच माझा हट्ट.

आणि मी स्वतः? पीत नाही. ते उकळलं की माझी हरकत संपते.

तुम्ही पिणारच असाल तर एक करा. पुढच्या आठ-दहा दिवसांत पोटात कळा येऊन जुलाबातून रक्त पडलं, तर डॉक्टरांना आधी कच्च्या दुधाचं सांगा, लाजू नका. या जिवाणूच्या संसर्गात अँटिबायोटिक शक्यतो देत नाहीत, कारण काही अँटिबायोटिकांनी मूत्रपिंडांचा धोका वाढू शकतो. मनाने गोळ्या तर मुळीच घेऊ नका.