पंधरा चिंचोके

मी नाशिक जिल्ह्यात शारीरिक शिक्षणाचा शिक्षक आहे. शालेय मैदानी स्पर्धा असल्या की बहुतेक वेळा मला फेऱ्या मोजायला बसवतात. त्या दिवशी सतरा वर्षांखालील मुलींची ३००० मीटर होती. फक्की मारून आखलेलं मैदान २०० मीटरचं, म्हणजे पंधरा फेऱ्या.

शेजारी बसलेला सहकारी रेषा ओलांडणाऱ्या मुलीचा चेस्ट नंबर आणि वेळ पुकारतो, मी तिच्या रकान्यात लिहितो. अवघड होतं ते पुढच्या मुली मागच्यांना गाठतात तेव्हा. रेषेवर घोळका येतो, दोन-तीन नंबर एकदम ऐकू येतात.

सत्तावीस नंबरची मुलगी पेठकडच्या आश्रमशाळेची. अनवाणी, सगळ्यांच्या पुढे. फक्त उजवी मूठ घट्ट मिटलेली. मूठ आवळून धावलं की खांदे अवघडतात. हिला कुणी सांगितलं कसं नाही, असं मनात आलं.

माझ्या कागदावर तिच्या तेरा फेऱ्या झाल्या तेव्हा तिनं घंटेकडे पाहिलं. मी वाजवली नाही. पुढच्या फेरीत तिनं जो वेग धरला तो बघत राहावा असा. ती रेषेवर आली, मी शेवटच्या फेरीची घंटा वाजवली आणि ती थांबली.

"पोरी, अजून एक आहे, पळ!" मी ओरडलो.

"सर, पंधरा झाले ना." तिनं मूठ उघडली. रिकामी होती. रेषेच्या आतल्या बाजूला बोट दाखवलं. तिथं फक्कीत चिंचोके पडले होते. दर फेरीला एक.

मी रकाना पुन्हा वाचला. शेवटची सोडली तर तिची प्रत्येक फेरी ४६-४७ सेकंदांची, आणि मध्येच एक १ मिनिट ३४ सेकंदांची. दोन फेऱ्या एकात गेल्या होत्या. घोळक्यात तिचा नंबर माझ्याकडून सुटला होता. कागद घेऊन मी पंचप्रमुखांकडे गेलो, चूक माझी आहे म्हणून सांगितलं. पंधराव्या फेरीची वेळ धरून तिचा पहिला क्रमांक लागला.

आमच्याकडे धावणाऱ्या मुलींना कविता राऊत सांगावी लागत नाही. हरसूलजवळच्या सावरपाड्याची. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्य, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. तिथं ४०० मीटरच्या पंचवीस फेऱ्यांनंतर सुवर्ण हुकलं ते एका सेकंदापेक्षाही कमी फरकानं. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ विहिरी खोदायचा. सैन्यात गेल्यावर वल्हं हाती घेतलं आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकला पोचला. यांच्याबद्दल लिहिताना डोंगर, डोक्यावरचे हंडे, गरिबी एवढंच येतं. मला त्याचा राग येतो. शर्यत चालू असताना किती झालं, किती उरलं, दम कुठे राखायचा, हे डोकं चालवणं कुणी लिहीत नाही. ही मुलगी घंटेवर विसंबून नव्हती, म्हणून तर तिनं शेवटची फेरी शेवटच्यासारखी काढली.

बक्षिसासाठी नाव पुकारत होते तेव्हा ती रेषेपाशी उकिडवी बसून चिंचोके वेचत होती. दुपारी तिची १५०० मीटर होती. मीही शेजारी बसलो. तेरा तिला सापडले, दोन मला. फक्की पुसून मी ते तिच्या हातावर ठेवले.

"याला साडेसातच लागतील ना, सर?" तिनं विचारलं.