मळका ब्लॉक शोधा: फियाटच्या इंजिनासाठी कोल्हापूर ते कुर्ला

आबांची फियाट ११०० डिलाइट १९६९ सालची. गडहिंग्लजच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर आबा याच गाडीतून व्हिजिटला जायचे. त्यांच्या औषधांच्या पेटीनं पडलेला चौकोनी डाग मागच्या सीटवर अजून आहे, आणि सीटकव्हर नवं शिवलं तरी खालचं रेक्झिन मी बदललेलं नाही. गेल्या वर्षी आंबोली घाटात रेडिएटरचा होज फुटला, गाडी तापली आणि घाईत तापल्या इंजिनावर गार पाणी ओतलं गेलं. घरी आल्यावर डिपस्टिक काढली तर ऑइल दुधाळ, म्हणजे त्यात पाणी मिसळलेलं. इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, उतरवलं तेव्हा खालच्या ब्लॉकवर, म्हणजे सिलिंडर असलेल्या इंजिनाच्या मुख्य ओतीव अंगावर, दोन नंबरच्या सिलिंडरपासून हेडबोल्टच्या भोकापर्यंत केसाएवढा तडा दिसला. बाकी सगळं जुळवता येतं, पण फुटक्या ब्लॉकवर इंजिन उभं राहत नाही.

हे इंजिन १०८९ सीसीचं, बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ मिलीमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५. ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं, पिस्टननी फिरणारा दांडा, म्हणजे क्रँक, तीन मेन बेअरिंगवर. पुढे प्रीमियर पद्मिनीतही हेच इंजिन राहिलं, आणि मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी वर्षानुवर्षं याच्याच जोरावर धावली, म्हणून ब्लॉक मिळण्याची आशा तरी आहे. त्यातली शेवटची टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली होती. टॅक्सीची वीस वर्षांची मुदत भरली आणि ऑक्टोबर २०२३ अखेर पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. तिची इंजिनं भंगारात आली आणि दर महिन्याला कमी होत चालली आहेत. ती कुठं जातात हे आम्हा कोल्हापूरकरांना सांगायला नको. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांना बिडाचं भंगार लागतं, आणि इंजिनब्लॉकचं बीड त्यात चांगलं मानलं जातं. म्हणजे मी जो ब्लॉक मुंबईत शोधत होतो, तसलाच एखादा फुटून माझ्या गावच्या भट्टीत पडत असणार. हे कळल्यापासून मला स्वस्थ बसवेना.

आधी फसलो ते सांगतो, कारण या लेखाचं कारणच ते आहे. दुसऱ्या शहरातल्या एका व्यापाऱ्यानं मोबाईलवर फोटो पाठवले. ब्लॉक चंदेरी रंगात लखलखत होता. "एकदम ओके आहे," म्हणाला. मी १४ हजार पाठवले, ब्लॉक ट्रान्सपोर्टनं आला आणि तो घेऊन मी उद्यमनगरातल्या मिस्त्रींकडे गेलो. ते सत्तरीचे आहेत, पोरवयापासून ऑइल इंजिनांच्या कामात मुरलेले. त्यांनी खिशातून एक छोटं लोहचुंबक काढलं, ब्लॉकच्या कुशीला लावलं आणि हळूहळू सरकवत नेलं. चुंबक चिकटत चिकटत गेलं आणि पाण्याच्या जॅकेटवर, म्हणजे सिलिंडरभोवती गार पाणी खेळतं त्या पोकळीच्या भिंतीवर, एका जागी गळून खाली पडलं. त्यांनी पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. नखानं रंग खरवडला तर खाली राखाडी पुटी, तळहाताएवढ्या जागेत. मग त्यांनी क्रँक टाकून त्यावर मेन बेअरिंगच्या कॅप, म्हणजे क्रँक धरून ठेवणाऱ्या कमानी, बसवल्या, बोल्ट आवळले, आणि क्रँक जागचा हलेना. मधली कॅप दुसऱ्याच इंजिनाची होती.

"रंग बघून घेऊ नगासा," एवढंच म्हणाले. "मळका बघा. मळक्यावर कुणी हात फिरवलेला नसतो."

तेव्हापासून मी एकच गोष्ट सगळ्यांना सांगतो. तेलाच्या काजळीनं माखलेला, हेड आणि चेंबर (खालची ऑइलची टाकी) अजून लागलेला, आपल्या तिन्ही कॅपसकट असलेला ब्लॉक शोधा. धुतलेला, रंगवलेला, नुसता मांडून ठेवलेला नको.

वाटेत पुण्याला उतरून मंगळवार पेठेतला जुना बाजार पाहिला. तो बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथं मला सोलेक्सचा एक बरा कार्बोरेटर आणि पान्यांचा जुना संच मिळाला, ब्लॉक एकही नाही. ब्लॉकसाठी पुण्यात थांबू नका.

कोल्हापूरहून रात्रीची महालक्ष्मी धरली की सकाळी दादरला उतरता येतं. तिथून लोकलनं कुर्ला, पश्चिमेला बाहेर पडून रिक्षानं सीएसटी रोड. कुर्ल्यापासून कलिन्याकडे जाणाऱ्या या रस्त्याच्या कडेला आणि आतल्या गल्ल्यांत जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणारी दुकानं आहेत. प्रीमियरचा कारखानाही एकेकाळी याच कुर्ल्यात होता. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली सुरू केलेल्या कंपनीचा. गाडी जिथं जन्मली त्याच उपनगरात तिचे अवयव शोधत हिंडताना माझ्या पोटात कालवाकालव झाली. दुकानं दहा-अकराशिवाय नीट उघडत नाहीत, आणि शुक्रवारी दुपारी नमाजाला बरीच बंद असतात, तेव्हा तो दिवस टाळा. पावसाळ्यात तर जाऊच नका. मिठी नदी जवळ आहे, पाणी तुंबतं आणि उघड्यावरचे ब्लॉक त्यात राहतात. मी जानेवारीअखेरीस गेलो.

"पद्मिनी का ब्लॉक" म्हटलं की कोणी नाही म्हणत नाही, म्हणून नेमका कोणता ब्लॉक हवा ते आधी पक्कं करा. पद्मिनीच्या १३७डी या डिझेल गाडीचा ब्लॉक सगळा वेगळा, तो चालणार नाही. मला दोन दुकानांत तोच दाखवला. इटलीत ११००डी ला १२२१ सीसीचं इंजिन होतं, आपल्याकडे मात्र १०८९च राहिलं. त्यामुळे परदेशी पुस्तकातली मापं डोळे झाकून घेऊ नका. मी माझ्या ब्लॉकचे चारही बाजूंचे फोटो आणि हेड गॅसकेट घेऊन गेलो होतो. गॅसकेट ब्लॉकवर ठेवलं की भोकं जुळतात की नाही ते लगेच कळतं.

पिशवीत बाकी होतं ते असं: टॉर्च, चुंबक, तारेचा ब्रश, एक फुटी स्टीलची पट्टी, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या), व्हर्नियर (बारीक मापाची पट्टी), बाटलीत रॉकेल, चिंध्या आणि शाळेचा खडू. रॉकेल आणि खडू सगळ्यात महत्त्वाचे. संशयाची जागा ब्रशनं घासायची, रॉकेल लावायचं, पाच मिनिटं मुरू द्यायचं, कोरडं पुसायचं आणि खडूची पूड चोळायची. तडा असेल तर आत मुरलेलं रॉकेल वर येतं आणि पांढऱ्यावर बारीक ओली रेघ उमटते. दोन सिलिंडरमधली चिंचोळी जागा, हेडबोल्टच्या भोकांभोवतालची जागा आणि उलटं करून मेन बेअरिंगच्या पाळ्या, या तीन ठिकाणी खडू लावल्याशिवाय उठू नका. दुकानदार कंटाळतो, लावू द्यायला कुरकुरतो. चहा मागवा, दम धरा.

पहिल्या दिवशी सहा ब्लॉक पाहिले. दोघांच्या कॅप गायब. मी तिथंच विषय संपवला, कारण कॅप त्याच ब्लॉकवर बसवून बोअर केलेल्या असतात आणि दुसऱ्याच्या चालत नाहीत. एकाच्या अंगाला पितळी रंगाची शिवण होती, म्हणजे बीड फुटून ब्रेझिंग केलेलं. एकाचा नंबर ग्राइंडरनं घासलेला. तो कितीही सुंदर असो, हात लावू नका, चोरीच्या गाडीचा असू शकतो. टॅक्सीच्या ब्लॉकना बहुधा स्लीव्ह, म्हणजे झिजलेल्या बोअरमध्ये बसवलेल्या नळ्या, घातलेल्या असतात. माथ्यावर बोअरभोवती बारीक गोल रेघ दिसते. स्लीव्ह म्हणजे दोष नव्हे, पण ती माथ्याशी सपाट आहे ना, सैल पडून खाली सरकली नाही ना, हे नखानं चाचपून पाहा.

आमचा ब्लॉक दुसऱ्या दिवशी दुपारी मिळाला, एका गल्लीत टायरांच्या ढिगाखाली. अख्खं इंजिन होतं, हेड लागलेलं, वर बोटभर काजळी. दुकानातल्या चाचांना म्हटलं, खोलून दाखवा, मजुरी मी देतो, खराब निघालं तरी. त्यांनी क्षणभर पाहिलं आणि पोराला पाना आणायला सांगितलं. खोलण्याचे ८०० रुपये दिले, आणि या सगळ्या प्रवासात याहून चांगला खर्च मी केला नाही.

हेड निघालं. पिस्टनच्या डोक्यावर पहिल्या ओव्हरसाइजचा, म्हणजे मूळ मापाहून एक पायरी मोठ्या पिस्टनचा, आकडा होता, म्हणजे ब्लॉक एकदाच बोअर झालेला. वर रिंग थांबते तिथं पायरी लागत होती, पण ती झीज बोअरिंगमध्ये निघून जाते. तिन्ही कॅप जागेवर, एकाच घडणीच्या. पट्टी माथ्यावर आडवी, उभी, तिरकी धरली तर दोन थाऊचं (इंचाच्या दोन हजारांशाचं) फिलर कुठंच जाईना. खडू लावला, कोरडा राहिला. पाण्याच्या बाजूचे प्लग, म्हणजे जॅकेटची भोकं बुजवणाऱ्या पत्र्याच्या टोप्या, मात्र गंजून चाळणी झाले होते, त्यातून बोट घालून जॅकेटमधला गाळ काढून पाहिला. तांबडा चिखल होता, पण भिंत टणक लागली. प्लग स्वस्तात बदलता येतात, भिंत नाही.

चाचांनी १८ हजार सांगितले, ११ वर तुटलं, क्रँक आणि कनेक्टिंग रॉडसकट. तडा निघाला तर पंधरा दिवसांत परत, हे बिलावर लिहून घेतलं. बिलावर इंजिन नंबरही घातला, आणि मूळ गाडीच्या रद्द झालेल्या आरसीची प्रत मागितली. ती त्यांनी फायलीतून काढून दिली. ही कागदं नंतर लागतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार इंजिन बदलायला आरटीओची आधी परवानगी घ्यावी आणि बदलल्यावर १४ दिवसांत कळवून आरसीवर नोंद करावी. ज्यांना ५० वर्षांवरच्या गाडीसाठी २०२१ च्या नियमांखाली ‘व्हीए’ मालिकेचा नंबर घ्यायचा असेल, त्यांनी तर त्याच जातीचा ब्लॉक घ्यावा. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेली गाडी त्यात बसत नाही.

आणण्याचं म्हणाल तर रेल्वेच्या पार्सलच्या फंदात पडलो नाही. कोल्हापूरचा गूळ आणि भाजी घेऊन ट्रक वाशीच्या मार्केटला येतात आणि बरेचसे रिकामे परततात. ओळखीच्या ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवलं होतं. कुर्ल्याहून टेम्पोनं वाशी, तिथून ट्रक. बोअरमध्ये जाड ऑइल चोपडलं, माथ्यावर प्लायचा तुकडा बोल्टनं आवळला, आणि ब्लॉक जुन्या टायरमध्ये बसवून दोराने बांधला. टायरमुळे तो ना घसरला ना आपटला.

उद्यमनगरात मिस्त्रींनी पाण्याच्या सगळ्या वाटांना रबर आणि प्लेटा लावल्या, हवा भरली आणि साबणाचं पाणी फिरवलं. आम्ही तिघं खाली वाकून बघत होतो. बुडबुडा आला नाही. त्यांनी काटा पुन्हा पाहिला, दहा मिनिटं थांबले, आणि खडूनं ब्लॉकवर आबांचं नाव लिहिलं. पुढच्या मापाला बोअर, होनिंग (बोअर घासून गुळगुळीत करणं), माथ्याला हलकं फेसिंग (तासून सपाट करणं) आणि नवे प्लग एवढंच काम निघालं. ही हवेची चाचणी बोअरिंगच्या आधी करून घ्या. बोअर केल्यावर तडा सापडला तर दुकानदार परत घेणार नाही, आणि घेऊही नये.

जाणाऱ्यांसाठी आणखी एक. त्याच गल्लीत मी निघालो तेव्हा कॅपसकट दोन मळके ब्लॉक शिल्लक होते. एकाच्या तीन नंबरच्या बोअरमध्ये गंजाचे खोल खड्डे आहेत, पण स्लीव्ह घालून तो वाचेल. दुसरा उघडून पाहायला मला वेळ मिळाला नाही. पावसाच्या आत जा.