२० लावलं तरी खोली २४ वर का जात होती

टोरांटोजवळच्या आमच्या घरात बेडरूमला भिंतीवरचा हीट पंप (हिवाळ्यात उलटा चालून खोली गरम करणारा एसी) आहे आणि ऑक्टोबरपासून त्याने झोप उडवली होती, रिमोटवर २० लावायचं आणि रात्री दोनला बघावं तर टेबलावरचं थर्मामीटर २४, मुलगी पांघरूण लाथाडून घामाघूम. बाहेर उणे १५ असलं की सगळं नीट, त्रास फक्त बाहेर ८-१० असताना, आणि हे लक्षात यायला मला तीन आठवडे लागले.

इन्व्हर्टर कॉम्प्रेसर, म्हणजे गरजेप्रमाणे वेग बदलणारा, कितीही हळू फिरला तरी एका मर्यादेखाली जात नाही, आमच्या मशीनची हीट कमीत कमी १ किलोवॅट, आणि एवढ्याशा खोलीला तशा हवेत अर्धा किलोवॅट पण पुरतो, मग उरलेली उष्णता जाणार कुठे! त्यात तापमानाचा सेन्सर युनिटच्या आत, वर छताजवळ, जिथे गरम हवा साठते, म्हणून हीटिंगमध्ये मशीन सेन्सरवर आपण लावल्यापेक्षा दोनेक डिग्री जास्त येईपर्यंत तापवत राहतं (याला ऑफसेट म्हणतात), आमचं छत बुटकं, वरच्या-खालच्या हवेत तेवढा फरक नसतो, त्यामुळे ते गणित चुकतं.

इन्स्टॉलर म्हणाला मशीनमधला गॅस चेक करू, पण गॅस कमी असता तर खोली तापलीच नसती ना. मी त्याला सर्व्हिस मेन्यूतला तो ऑफसेट शून्य करायला लावला आणि सेन्सरवाला वायर्ड रिमोट पलंगाच्या उंचीवर बसवून घेतला.

आता २१ च्या वर जात नाही. उबदार रात्री मशीन अजून चालू-बंद होतं, खोलीच्या मानाने मोठं आहे ते, सेटिंगने नाही जाणार. पण मुलगी सकाळपर्यंत पांघरुणात असते.