डेल्फ्टमध्ये 'फेरेनिखिंग'चा सभासद होताना: माझा अनुभव

नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला मास्टर्ससाठी आलेल्या आपल्या मुलामुलींच्या कानावर 'फेरेनिखिंग' हा शब्द पहिल्याच आठवड्यात पडतो, आणि सगळ्या फेरेनिखिंगा एकाच माळेचे मणी वाटतात. मलाही वाटल्या होत्या. शब्दाचा अर्थ संघटना, एवढाच. विद्यार्थ्यांपुरतं बोलायचं तर तिच्या तीन मुख्य जाती आहेत, आणि आत शिरायची रीत प्रत्येकीची निराळी.

सगळ्यात सोपी म्हणजे स्टुडीफेरेनिखिंग, आपापल्या शाखेची. मेकॅनिकलवाल्यांची 'लेख्वाटर' १८६७ पासून चालू आहे. ऑनलाइन फॉर्म, किरकोळ वर्गणी, दहा मिनिटांचं काम. पुस्तकांवर सवलत, कंपन्यांच्या भेटी आणि शाखेतल्या इमारतीतला बोरल, म्हणजे दुपारी चार-पाचला सुरू होणारी बियरची बैठक, हे तिथे मिळतं. इथे कोणी तुमची परीक्षा बघत नाही.

दुसऱ्या टोकाला गप्पागोष्टींच्या जुन्या संघटना: १८४८ चं डेल्फ्टचं कोर, १८९८ ची व्हिर्खिल. स्वतःची इमारत, स्वतःचा बार, वर्षाला काहीशे युरो खर्च आणि कारभार मुख्यतः डचमध्ये. यांचं दार वर्षभर उघडं नसतं. ऑगस्टच्या उत्तरार्धात 'ओवे' नावाचा स्वागताचा आठवडा असतो, त्यात फिरून नाव नोंदवायचं आणि लगेच पुढे 'काएमटे', म्हणजे ओळखीचा काळ, पार पाडायचा. आपले लोक नेमके इथेच चुकतात. व्हिसाची कागदपत्रं विद्यापीठामार्फत जातात, ती उशिरा दिली की विमान ऑगस्टच्या शेवटी, आणि तोवर काएमटे सुरू झालेली असते. कोरमध्ये जायचा विचार असेल तर तिकीट ओवेच्या आधीचं काढा.

काएमटे म्हणजे रॅगिंगच का, हा प्रश्न घरून हमखास येतो. झोप कमी, फोन काढून घेतलेला, गाणी आणि इतिहास तोंडपाठ करायचा, सीनियर अंगावर ओरडणार आणि तुम्हाला 'फ्यूट', म्हणजे नवखा, म्हणणार. तारखा ठरलेल्या असतात आणि बऱ्याच शहरांत विद्यापीठाशी ठरवलेली आचारसंहिताही असते. तरी तिच्या नावाखाली मर्यादा ओलांडल्याचे प्रकार नेदरलँड्समध्ये वर्तमानपत्रांपर्यंत गेलेले आहेत. दमा, औषधं, अॅलर्जी, शाकाहार हे सगळं नोंदणीच्या वेळीच लेखी द्या. तिथे पोहोचल्यावर आरडाओरड्यात सांगून काही उपयोग नाही. आणि मधूनच उठून घरी जाणं हा हक्क आहे, कोणी अडवू शकत नाही. माझं मत विचाराल तर दोन वर्षांच्या मास्टर्ससाठी हा खटाटोप परवडत नाही. तेवीस-चोवीस वर्षांच्या माणसाने अठरा वर्षांच्या मुलांबरोबर चिखलात बसायचं आणि डच येईपर्यंत कोर्स संपायचा. बॅचलर्सला आला असाल आणि डच शिकायची मनापासून तयारी असेल, तर गोष्ट वेगळी.

मधली जात क्रीडा संघटनांची, आणि माझ्या मते आपल्याला सर्वांत सोयीची हीच. डेल्फ्टमध्ये स्खी कालव्यावर रोइंगचे दोन विद्यार्थी क्लब आहेत, १८७६ चा 'लाखा' आणि १९४७ चा 'प्रोटेउस-एरेटेस'. नवख्यांची भरती हंगामाच्या सुरुवातीला असते. पहिली अट पोहता येणं. डच मुलं लहानपणीच पोहण्याचा दाखला मिळवतात, त्यामुळे 'पोहता येतं का' याचा इथला अर्थ 'कपड्यांसकट थंड पाण्यात पडलात तर तरून काठाला याल का' असा असतो. विहिरीत किंवा नदीत शिकलेल्याला धास्ती नको. न शिकलेल्याने मात्र निघण्याआधीचा उन्हाळा तरणतलावावर घालवावा.

वजन कमी असेल तर कॉक्स, म्हणजे नावेची दिशा सांभाळणारा, म्हणून बसवायला लोक टपलेलेच असतात. आंतरराष्ट्रीय नियमात कॉक्सचं किमान वजन ५५ किलो आहे आणि कमी भरलं तर जास्तीत जास्त १५ किलोपर्यंतचं ओझं सोबत ठेवता येतं. कॉक्सला वल्हवायचं नसतं, हुकूम सोडायचे असतात, आणि ते बहुधा डचमध्ये. नाव खांद्यावर घेताना 'टिलन खेलेक... न्यू', म्हणजे उचला एकदम, आता. सुटताना 'स्लाखक्लार... आफ'. थांबवताना 'लाट... लोपन'. मधला ठहराव महत्त्वाचा: तो चुकला की आठ जणांच्या हातांचा ताळमेळ बिघडतो, आणि उचलताना चुकला तर लाखमोलाची नाव शेडच्या खांबाला घासते. भाषेच्या वर्गात तीन महिन्यांत न सुटलेली जीभ इथे दोन आठवड्यांत सुटते, कारण पुढ्यात बसलेली माणसं वाट बघत असतात.

आता पैशांचं. वर्गणी 'इंकासो'ने, म्हणजे तुमच्या परवानगीने खात्यातून परस्पर वळती होते. खातं उघडायला बहुतेक बँकांना बीएसएन, म्हणजे इथला नागरिक क्रमांक, लागतो आणि तो नगरपालिकेत पत्ता नोंदवल्यावर मिळतो. घर नसेल तर पत्ता नाही, पत्ता नाही तर सगळं पुढे ढकललं जातं. घर शोधणं हे खरं पहिलं पाऊल.

बारचा हिशेब 'टुर्फलाइस्ट'वर. फ्रिजजवळ लटकवलेला एक कागद, डावीकडे नावं, प्रत्येक ग्लासाला एक रेघ, पाचवी रेघ आडवी. कॅन्टीनच्या उधारीच्या वहीचीच बहीण. गर्दीत दुसऱ्याच्या रेघा तुमच्या ओळीत पडतात, आणि सगळ्यांसाठी फेरी आणायला गेलात तर सगळ्या रेघा तुमच्याच. महिनाअखेर रक्कम वळती झाली की तपासा. चूक दिसली तर आठ आठवड्यांत बँकेकडून पैसे परत घेता येतात, पण त्याने देणं फिटत नाही, उलट खजिनदाराशी वितुष्ट येतं. आधी त्यालाच लिहा. बोरलला बिटरबालन, म्हणजे तळलेले गोळे, खाऊ नका, आत सहसा गोमांस असतं. 'कास-सुफ्ले' हे चीजचं तळलेलं पाकीट शाकाहाऱ्याला चालतं.

नुसती वर्गणी भरून कोणी आपलंसं करत नाही. ओळखी होतात त्या समितीत काम घेतल्यावर: सहलीची, जेवणाची, नावा दुरुस्त करणारी. आठवड्याला दोन-चार तास आणि बैठकीचं इतिवृत्त कधीतरी तुमच्या गळ्यात. पूर्ण वर्षाचं संचालकपद मात्र विचार करून घ्या. युरोपियन युनियनबाहेरच्या विद्यार्थ्याला वर्षाच्या ६० पैकी किमान ३० क्रेडिट मिळवावी लागतात. पटेल असं कारण नसताना कमी पडली, तर विद्यापीठ ते इमिग्रेशन खात्याला कळवतं आणि परवाना धोक्यात येतो. पद स्वीकारण्याआधी विद्यापीठाच्या सल्लागाराकडून लेखी उत्तर घ्या.

आणि जाताना राजीनामा द्यायला विसरू नका. डच कायद्यानुसार, संघटनेच्या नियमावलीत वेगळं लिहिलेलं नसेल, तर सभासदत्व आर्थिक वर्षाच्या शेवटीच संपतं आणि त्याआधी चार आठवड्यांची सूचना लागते. बऱ्याच ठिकाणी हे वर्ष शैक्षणिक वर्षाबरोबर संपतं, म्हणून जुलैत ईमेल पाठवायचा आणि पोच मिळाल्याशिवाय बँक खातं बंद करायचं नाही.