बेसमेंटमधली ब्राऊन एल आणि पुण्यात आणलेल्या पाच बाटल्या

आधीच सांगून टाकते, ही पोस्ट बीअरबद्दल आहे. ज्यांना विषयच नको असेल त्यांनी खाली थालीपिठाच्या भागावर थेट उडी मारली तरी चालेल, तिथे तुमच्या कामाचं काहीतरी सापडेल.

सध्या सुट्टीवर पुण्यात आलेय आणि जिथे जाईन तिथे एकच विषय. 'तू म्हणे तिकडे घरी दारू गाळतेस?' काकूने विचारलं, शाळेतल्या मैत्रिणींनी विचारलं, आणि आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी तर लिफ्टमध्ये विचारलं, तेही तळमजला यायच्या आत पूर्ण उत्तर मिळेल अशा अपेक्षेने. तर एकदाच लिहून टाकते म्हणजे पुढच्या माणसाला लिंक पाठवता येईल. गाळत नाही हो, व्हिस्की-रम गाळतात, आणि त्याला तिथेही परवाना लागतो. बीअर आंबवतात. आणि मी बनवते ती ब्राऊन एल, म्हणजे भाजलेल्या धान्याची तपकिरी बीअर, जी इथे फारशी कुणाला माहीतच नाही असं या खेपेला लक्षात आलं.

आम्ही राहतो मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या बाहेर. गाड्यांच्या धंद्यामुळे तिथे आपल्याकडची इतकी मंडळी आहेत की इंडियन ग्रोसरीच्या रांगेत पुढचा माणूस फोनवर 'अरे चाकणच्या प्लँटला विचारून घे' म्हणत असतो. नवरा त्यातलाच. तो स्वतः पीत नाही, ताक आणि सोलकढी एवढीच त्याची झेप, पण बाटल्या धुवायला एक नंबर माणूस आहे, आणि हे किती महत्त्वाचं आहे ते पुढे कळेलच.

मी पुण्यात असताना बीअर म्हणजे पिवळी, आणि ती इतकी थंड की दात शिवशिवले पाहिजेत, चव कळली नाही तरी चालेल, किंबहुना कळू नये म्हणूनच थंड. मिशिगनला गेल्यावर ऑफिसच्या एका पार्टीत कुणीतरी बेल्स बेस्ट ब्राऊन, म्हणजे मिशिगनमधल्याच बेल्स ब्रुअरीची ब्राऊन एल, हातात दिली. रंग बघून वाटलं कोला आहे की काय. उजेडासमोर धरला तर कडेने लालसर. वास भाजलेल्या पावाच्या कडेचा, मागून थोडं कॅरॅमल, कडूपणा अगदी बेताचा, आणि घोट गेल्यावर जिभेवर आक्रोडासारखं काहीतरी रेंगाळतं. अल्कोहोल ५.८ टक्के, म्हणजे आपल्याकडच्या बऱ्याच 'स्ट्राँग'पेक्षा कमीच. दिसायला काळपट आहे म्हणून डोक्यात जाईल असं काही नाही, रंगाचा आणि अल्कोहोलचा काही संबंध नसतो, रंग येतो तो धान्य किती भाजलंय त्यावरून.

गंमत म्हणजे क्राफ्ट बीअरवाल्या लोकांत हिला फारसा भाव नाही. सगळा जयजयकार आयपीएचा, म्हणजे इंडिया पेल एल नावाच्या कडू बीअरचा, जितकी कडू तितकी ग्रेट. ब्राऊन एलसाठी कुणी दुकानाबाहेर रांग लावत नाही. मला तर ते बरंच वाटतं, हवी तेव्हा मिळते.

तशी ही इंग्लंडची जुनी चीज. सगळ्यात गाजलेली म्हणजे न्यूकॅसल ब्राऊन एल, जिम पोर्टर नावाच्या ब्रुअरने काही वर्षं खटपट करून ती १९२७ मध्ये बाजारात आणली. तिचा एक किस्सा पेठेतल्या माणसाला सांगितलाच पाहिजे. युरोपियन युनियनने २००० मध्ये तिला भौगोलिक संरक्षण दिलं, आपल्या हापूसला जीआय आहे तसं, म्हणजे ही बीअर न्यूकॅसल गावातच बनली पाहिजे. मग २००५ मध्ये कंपनीने ब्रुअरी हलवली, कुठे, तर नदीपलीकडे गेट्सहेडला. टाईन नदी ओलांडली म्हणजे गाव बदललं! शेवटी कंपनीलाच स्वतःचं संरक्षण रद्द करून घ्यायला अर्ज करावा लागला. पुढे तिथूनही हलली आणि नंतर तर नेदरलँड्सला गेली. मुठेपलीकडच्याला पुणेकर न मानणाऱ्या माझ्या काकांना यात काहीही विनोदी वाटलं नाही, 'बरोबरच आहे' म्हणाले.

बेल्सची गोष्ट मला जास्त जवळची. कलामाझू हे गाव आमच्यापासून दोन-सव्वादोन तासांवर. तिथे लॅरी बेल या माणसाने १९८३ मध्ये आधी घरी बीअर बनवायच्या सामानाचं दुकान टाकलं, आणि १९८५ मध्ये स्वतःची बीअर विकायला लागला, ती बनवली कशात, तर ५६-५७ लिटरच्या सूपच्या पातेल्यात. अमेरिकेत अशा बऱ्याच ब्रुअरीज घरगुती उद्योगातूनच आल्यात. आणि घरी बनवणं तरी कायदेशीर कधी झालं? दारूबंदी १९३३ ला उठली पण घरच्या बीअरचं तसंच राहून गेलं, ते थेट १९७८ मध्ये अध्यक्ष कार्टरनी सही केल्यावर आणि १९७९ पासून. आता घरात दोन सज्ञान माणसं असतील तर वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटरच्या वर. एवढी कोण पितं देव जाणे. विकायची मात्र नाही, वाटायची.

सामानाच्या दुकानात मी पहिल्यांदा गेले तेव्हा फार अवघडले होते, आपल्याकडे वाईन शॉपसमोर बायका गाडीतच बसून राहतात ना, तो संस्कार. आत बघते तर एक आजी नातवाला घेऊन रूटबीअरचं, म्हणजे बिनदारूच्या गोड सरबताचं, सामान बघतायत आणि काउंटरवरचा मुलगा एका जोडप्याला यीस्ट समजावून सांगतोय, वातावरण एकदम नर्सरीत रोपं घ्यायला आल्यासारखं. तिथेच माझा संकोच निम्मा गळाला.

आता बनवण्याचं. गेल्या उन्हाळ्यात सासूबाई तिकडे आल्या होत्या आणि बेसमेंटमधली माल्टची पोती लपवावीत की काय या विचारात मी असतानाच त्या खाली उतरल्या. पोत्यात हात घातला, एक दाणा उचलला, दाताखाली धरून कटकन फोडला. 'अगं, हे सातू आहेत. मोड आणून वाळवलेत.' मग अजून एक चावून, 'गोड लागतायत की. आपण नाचणीचं सत्त्व करतो तसंच आहे हे.' मी दोन पुस्तकं वाचून जे शिकले ते त्यांनी दोन दाण्यांत सांगितलं. खरंच तसंच आहे. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले सातू, म्हणजेच बार्ली. मोड आले की दाण्यात अमायलेज तयार होतं, ते पिष्टाची साखर करतं, वाळवून ते काम मध्येच थांबवायचं आणि मग आपल्याला हवं तेव्हा गरम पाण्यात पुन्हा सुरू करायचं.

माझं प्रमाण १९ लिटरला साधारण ४ किलो मॅरिस ऑटर, हा सातूचा इंग्लिश वाण, मग अर्धा किलो क्रिस्टल माल्ट कॅरॅमलच्या गोडीसाठी, पाव किलो व्हिक्टरी ज्याने बिस्किटासारखा वास येतो, आणि चॉकलेट माल्ट फक्त २०० ग्रॅम. यात चॉकलेट अजिबात नसतं, नुसते कॉफीच्या रंगावर भाजलेले सातू, पण मूठभराने अख्ख्या पातेल्याचा रंग फिरतो आणि जास्त पडले तर जळकट कॉफी प्यायल्यासारखं होतं आणि मग ती ब्राऊन राहत नाही, पोर्टर नावाच्या आणखी काळ्या बीअरकडे झुकते. सगळं भरड दळून ६७ डिग्रीच्या पाण्यात तासभर. हे तापमान मी फार सांभाळते, कारण खाली गेलं तर बीअर पातळ आणि कोरडी होते, वर गेलं तर जड आणि गोडसर, आणि ब्राऊन एलला अंगात थोडं भरलेपण हवंच. पिष्ट संपलं का ते बघायला पांढऱ्या बशीत चमचाभर पाणी काढायचं आणि आयोडीनचा थेंब टाकायचा, निळंकाळं झालं तर अजून थांबायचं. सातवी-आठवीत बटाट्यावर केलेला प्रयोग आयुष्यात कामाला येईल असं कुणाला वाटलं होतं!

मग ते गोड पाणी गाळून तासभर खळखळ उकळायचं आणि सुरुवातीलाच त्यात हॉप्स, म्हणजे बीअरला कडूपणा आणि वास देणारी एका वेलीची फुलं. मी ईस्ट केंट गोल्डिंग्ज घालते, ४० ग्रॅमच्या आसपास, मातकट, जरा चहासारखा वास. अमेरिकन ब्राऊनवाले कॅस्केड घालून संत्र्यामोसंब्याचा वास आणतात, ठीक आहे, ज्याची त्याची आवड, मला ते पटत नाही. उकळी बंद केल्यावर तांब्याची गुंडाळी आत सोडायची आणि तिच्यातून नळाचं गार पाणी फिरवायचं. आता खरी कसोटी, कारण १०० डिग्रीला सगळं आपोआप निर्जंतुक असतं, गार झाल्यावर मात्र जे जे लागेल ते ते, नळी, चमचा, झाकण, बादली, सगळं सॅनिटायझरमध्ये बुडवूनच. घरी बीअर बनवणं म्हणजे मुळात भांडी घासणं आहे, त्यात थोडा वेळ बीअर बनते. इथे नवऱ्याचं कौतुक.

वीस डिग्रीच्या खाली आलं की इंग्लिश यीस्टचं ११.५ ग्रॅमचं पाकीट भुरभुरायचं, एअरलॉक, म्हणजे आतला वायू बाहेर सोडणारी पण बाहेरची हवा आत न घेणारी बुचाची नळी, लावायचा आणि वर निघून जायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी बेसमेंटच्या जिन्यावरूनच बुळुक बुळुक ऐकू येतं. आमचं बेसमेंट थंडीत १८ डिग्रीच्या आसपास राहतं, यीस्टला तेच मानवतं. पुण्यात एप्रिल-मेमध्ये ३८-४० असतं तेव्हा हेच यीस्ट भलभलते वास सोडेल. दोन आठवड्यांनी हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता मोजायचं साधन, १.०५० वरून १.०१२ वर आलेला असतो, म्हणजे पाच टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल. मग १०० ग्रॅम साखर पाण्यात उकळून त्यात मिसळायची, बाटल्या भरून झाकणं ठोकायची, आणि उरलेलं यीस्ट बंद बाटलीत ती साखर खाऊन फेस तयार करतं. अजून दोन आठवडे हात लावायचा नाही. मी लावते, पण ते असो.

थालीपिठाचं. गाळून उरलेल्या सातूचा चोथा पाच-सहा किलोच्या वर निघतो, ओला, गरम, मस्त वासाचा. तिकडे लोक त्याचा ब्रेड करतात किंवा कोंबड्यांना घालतात. सासूबाईंना फेकवेना. त्यांनी त्यातला बराचसा ओव्हनमध्ये मंद आचेवर खुटखुटीत वाळवला, मिक्सरमधून काढला आणि बारीक चाळणीने दोनदा चाळला, हे महत्त्वाचं, कारण सातूची टरफलं घशात टोचतात. मग तीन वाट्या भाजणीला एक वाटी हे पीठ, कांदा, कोथिंबीर, तीळ नेहमीसारखं. साखर सगळी बीअरमध्ये गेलेली असते त्यामुळे गोड लागत नाही, खमंगपणा मात्र दुप्पट, वर लोण्याचा गोळा. हॉप्स घालायच्या आधीचाच चोथा असतो त्यामुळे कडूही नाही आणि दारूही नाही, सोमवारवाल्यांनीही निर्धास्त खावं.

पुण्याला येताना ड्यूटी न भरता दोन लिटरपर्यंत आणता येतं, अमेरिकन बाटली ३५५ मिलिलिटरची, म्हणजे पाच बाटल्या. सॉक्समध्ये गुंडाळून आणल्या, एकही फुटली नाही. आणि इथे एक शोध लागला. ब्राऊन एल प्यायची १०-१२ डिग्रीला, आणि डिसेंबरात कोथरूडच्या बाल्कनीत रात्रभर ठेवलेली बाटली सकाळी नेमकी तेवढी होते. सकाळी नाही प्यायलो, फ्रिजच्या दारात टाकली आणि संध्याकाळी अर्धा तास आधी बाहेर काढली.

काकांनी ग्लास नाकाशी नेला आणि म्हणाले, 'ही बीअर आहे का दशमूलारिष्ट?' मी म्हटलं काका, अरिष्ट पण आंबवूनच करतात, तुमच्या कपाटातल्या बाटलीवर अल्कोहोलचं प्रमाण छापलेलं असतं, बघा. ते उठले, चष्मा लावला, कपाट उघडून खरंच वाचून आले. मग काही न बोलता ग्लास संपवला आणि तळाशी राहिलेला गाळ दाखवून 'हे काय' विचारलं. यीस्ट. बाटलीतला शेवटचा घोट ओतायचा नसतो हे मी सांगेपर्यंत त्यांनी तोही ओतून घेतला होता. सोबत बाकरवडी होती, तिचा तिखटपणा आणि माल्टची गोडी यांचं छान जमतं, पण खरी जोडी श्रूसबेरी बिस्किटांशी, करूनच बघा.

सगळ्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला, 'मग आपण इथे करूया की'. नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय बनवणं हा गुन्हा आहे, स्वतःपुरती असली तरी. पण पुण्याला तसं काही कमी नाही, २००९ मध्ये डूलाली इथेच सुरू झाली, देशातल्या अगदी पहिल्या मायक्रोब्रुअरींपैकी एक, आणि आता मुंढवा-कोरेगाव पार्कात फिरलात तर ताजी बीअर भरपूर मिळते. ब्राऊन मात्र क्वचित दिसते. मैत्रिणींबरोबर मी गेले त्या दिवशीही नव्हती, गव्हाची होती, सफरचंदाची सायडर होती, आयपीए दोन होत्या. वेटरला विचारलं तर म्हणाला, 'मॅडम, डार्क लोक मागत नाहीत.' तर मागा ना! फळ्यावर ब्राऊन, अंबर नाहीतर पोर्टर काहीही दिसलं तर आधी छोटा सँपल मागा, बहुतेक ठिकाणी देतात, आणि ग्लास फ्रीझरमधून काढून बर्फ चिकटलेला आणला तर सरळ परत पाठवून साधा मागा.